एनएफएस तुटतंय? आधी घड्याळ बघा

रात्री दहाला जॉब लावून घरी जावं आणि सकाळी येऊन पाहावं तर तो पहाटेच कधीतरी मेलेला. लॉगची शेवटची ओळ ‘परमिशन डिनाइड’. आणि तीच फाइल आत्ता तुमच्यासमोर निमूटपणे उघडते! एनएफएस म्हणजे दुसऱ्या मशिनवरच्या फाइली नेटवर्कवरून आपल्याच असल्यासारख्या वापरायची सोय, आणि कर्बरॉस म्हणजे ठरावीक मुदतीचं ‘तिकीट’ देऊन माणसाची ओळख पटवणारी व्यवस्था. कर्बरॉस लावलेल्या एनएफएसशी ज्यांची नवी ओळख झाली आहे, त्यांची पहिली तक्रार बहुधा अशीच असते: “कनेक्शन सारखं तुटतं.” मग नेटवर्कवाल्यांना फोन. ते म्हणतात, पिंग चालू आहे. सर्व्हरवाल्यांना फोन. ते म्हणतात, बाकी सगळ्यांचं चालू आहे. दोघंही खरं बोलत असतात, म्हणूनच हे प्रकरण लांबतं.

हा लेख लिनक्स क्लायंट, लिनक्स सर्व्हर, एनएफएस आवृत्ती ४ आणि कर्बरॉस अशा मांडणीसाठी आहे. तिकिटं एमआयटी कर्बरॉसचा सर्व्हर देतो की विंडोजची अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी, याने फार फरक पडत नाही. जिथे पडतो तिथे सांगते. आज्ञा मी फोनवर सांगावं तशा लिहिल्या आहेत. ‘के-लिस्ट डॅश के’ असं दिसलं की टर्मिनलवर ते इंग्रजी अक्षरांत टाकायचं. शब्दाच्या मधली रेघ फक्त उच्चारासाठी आहे.

तुटतं ते नेमकं काय?

‘कनेक्शन’ या एका शब्दाखाली इथे तीन वेगळ्या गोष्टी लपलेल्या असतात आणि तिन्ही स्वतंत्रपणे तुटतात.

पहिली म्हणजे तार. क्लायंटकडून सर्व्हरच्या २०४९ या पोर्टवर गेलेली साधी टीसीपी जोडणी. आवृत्ती ४ ला एवढं एकच पोर्ट पुरतं.

दुसरी म्हणजे लीज. कुठल्या क्लायंटने कुठली फाइल उघडली आहे, कशावर कुलूप लावलं आहे, याची वही सर्व्हर ठेवतो. ही नोंद म्हणजे फार छोट्या मुदतीचा भाडेकरार समजा. लिनक्स सर्व्हरवर तो मुळात ९० सेकंदांचा असतो आणि क्लायंटने मुदतीआधी नूतनीकरण करत राहायचं असतं.

तिसरी म्हणजे ओळख. क्लायंट आणि सर्व्हर कर्बरॉसच्या तिकिटावरून एक सुरक्षा-संदर्भ ठरवतात, आणि पुढची प्रत्येक विनंती त्या संदर्भाच्या सहीने जाते. हा संदर्भ टीसीपी जोडणीला बांधलेला नसतो. तार तुटून पुन्हा जोडली गेली तरी संदर्भ शाबूत राहू शकतो. आणि तार ठणठणीत असताना संदर्भाची मुदत संपू शकते. पिंग चालू असताना ‘परमिशन डिनाइड’ का येतं, याचं उत्तर इथेच आहे.

साध्या, बिनकर्बरॉसच्या एनएफएसवर वर्षानुवर्षं काम केलेले लोकही इथे चकतात, कारण त्यांच्या जगात ही तिसरी गोष्ट नव्हतीच. तिथे क्लायंट सांगतो ‘मी युजर क्रमांक १००१’ आणि सर्व्हर मान डोलावतो.

पायरी १: संदेश शब्दशः लिहून घ्या

“हँग झालं” ही नोंद नव्हे. कर्नलचा लॉग (‘डी-मेसेज डॅश कॅपिटल टी’) आणि प्रोग्रॅमने दिलेली चूक, दोन्ही जशीच्या तशी उतरवा.

‘सर्व्हर नॉट रिस्पॉन्डिंग, स्टिल ट्रायिंग’ आणि काही वेळाने ‘सर्व्हर ओके’ अशी जोडी दिसली तर संशय तारेवर, किंवा सर्व्हर दमलेला असण्यावर. ‘परमिशन डिनाइड’, ‘की हॅज एक्स्पायर्ड’ किंवा ‘रिक्वायर्ड की नॉट अव्हेलेबल’ आलं तर ओळखीवर. चालू प्रोग्रॅमला अचानक ‘इनपुट आउटपुट एरर’ मिळाला आणि लॉगमध्ये ‘लॉक रिक्लेम फेल्ड’ असं काही असेल तर लीजवर. ‘स्टेल फाइल हँडल’ मात्र वेगळ्या जातीचा: ती फाइल किंवा तो एक्स्पोर्ट (सर्व्हरने वाटायला उघडलेलं फोल्डर) सर्व्हरवर बदलला गेलाय, जोडणीचा त्यात दोष नाही.

फाइलींचा मालक ‘नोबडी’ दिसतो, ही तक्रारही बरेचजण इथेच घुसडतात. ती नावांच्या जुळणीची भानगड आहे. दोन्हीकडच्या आयडी-मॅप-डीच्या (नावं जुळवणाऱ्या प्रोग्रॅमच्या) कॉन्फिगमध्ये डोमेन एकच आहे का ते बघा आणि पुढे चला.

पायरी २: किती वेळाने तुटतं ते मोजा

माझ्या अनुभवात ही सगळ्यात उपयोगाची पायरी आहे आणि हीच लोक गाळतात. नुसतं ‘कधीकधी’ म्हणू नका. तीन-चार वेळा तुटू द्या, वेळा लिहा, अंतर काढा. या व्यवस्थेतल्या प्रत्येक भागाची स्वतःची मुदत आहे आणि ती अंतरातून बोलते.

दीड मिनिटाच्या आसपासचं काही दिसलं तर लीज, किंवा सर्व्हर रीस्टार्ट झाल्यानंतरचा सवलतीचा काळ. तोही मुळात ९० सेकंदांचाच असतो. या काळात जुने क्लायंट आपापली कुलपं परत मागतात आणि नव्याने फाइल उघडणाऱ्यांना थांबावं लागतं. सर्व्हर आत्ताच उठला असेल तर दीड-दोन मिनिटं हात बांधून बसा. त्या काळात घाबरून पुन्हा रीस्टार्ट करणारे मी पाहिलेत. त्यांची ९० सेकंदं पुन्हा पहिल्यापासून सुरू होतात.

चार-सहा मिनिटांच्या शांततेनंतर तुटत असेल तर मधली एखादी पेटी. अ‍ॅझ्युअरचा लोड बॅलन्सर रिकामी जोडणी मुळात ४ मिनिटांनी विसरतो, अ‍ॅमेझॉनचा नॅट गेटवे ३५० सेकंदांनी.

दहा तासांनी तुटत असेल तर जवळपास खात्रीने तिकीट: अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीच्या तिकिटाचं आयुष्य मुळात १० तास असतं. बरोबर चार तासांनी तुटत असेल, आणि तेही ठरावीक माणसांचंच, तर ती माणसं डिरेक्टरीच्या ‘प्रोटेक्टेड युजर्स’ गटात आहेत का विचारा. त्या गटाला ४ तासांचंच तिकीट मिळतं. एमआयटीच्या क्लायंटवर २४ तास. सात दिवसांनी तुटलं तर नूतनीकरणाची कमाल मर्यादा संपली. आणि महिन्यातून एकदा, एका सकाळी सगळ्यांचंच बंद पडत असेल, तर सर्व्हरची की-टॅब, म्हणजे कर्बरॉसच्या किल्ल्यांची फाइल. तिच्याकडे पायरी ६ मध्ये येऊ.

काहीच नेम नसेल, कामाचा ताण वाढला की तुटत असेल, तर तार किंवा सर्व्हर.

पायरी ३: तार

आधी ‘एनएफएस-स्टॅट डॅश एम’ चालवा. माउंट, म्हणजे सर्व्हरचं फोल्डर क्लायंटवर जोडणं, नेमक्या कुठल्या पर्यायांनी झालं आहे ते यात दिसतं. तुम्ही माउंटच्या कॉन्फिग फाइलीत काय लिहिलंय यापेक्षा हे जास्त विश्वासाचं. आवृत्ती, ‘हार्ड’ (सर्व्हर येईपर्यंत थांबणारं) की ‘सॉफ्ट’ (मुदतीनंतर सोडून देणारं), ‘टाइमिओ’ (उत्तराची वाट बघायची मुदत) किती आणि ‘सेक’ (सुरक्षेचा प्रकार) कोणता, या चार गोष्टी टिपा.

‘टाइमिओ’ सेकंदाच्या दहाव्या भागात मोजतात. ६०० म्हणजे ६० सेकंद, आणि टीसीपीवर तेच मूळ मूल्य आहे. लिनक्सचा अलीकडचा क्लायंट रिकाम्या जोडणीवर साधारण तेवढ्याच अंतराने ‘जिवंत आहेस ना?’ अशी हाक मारतो. त्यामुळे मधल्या पेटीला ती जोडणी विसरायची संधी मिळत नाही. ‘नेटवर्क खराब आहे, जरा सबुरीने घेऊ’ म्हणून कुणी टाइमिओ ६००० केला की हाकही दहा मिनिटांनी जायला लागते आणि तोवर फायरवॉलने जोडणी पुसलेली असते. औषधानेच आजार. मूळ मूल्य सोडायचं तर कारण हवं.

तार तुटण्याच्या क्षणी ‘एस-एस डॅश टी-एन-ओ’ चालवून २०४९ ची ओळ शोधा. पाठवायच्या रांगेत बाइट साचलेत आणि पुढे सरकत नाहीत, म्हणजे तुमचं बोलणं पलीकडे पोचत नाही किंवा पोच परत येत नाही. ओळ ‘सिन-सेंट’ला अडकली असेल तर एक जुना घोळ तपासा. एनएफएस क्लायंट मुळात १०२४ खालच्या राखीव पोर्टवरून निघतो आणि तुटल्यावर पुन्हा जोडताना तेच पोर्ट वापरायला बघतो. मधल्या फायरवॉलच्या डोक्यात त्या पोर्टची जुनी, अर्धवट मेलेली नोंद असेल तर तो नवी हाक गिळून टाकतो. माउंटला ‘नो-रेझ-व्ही-पोर्ट’ हा पर्याय दिला की क्लायंट दर वेळी नवं पोर्ट घेतो. अ‍ॅमेझॉन आपल्या ईएफएस या क्लाउडमधल्या एनएफएस सेवेसाठी हाच पर्याय सुचवतं. मात्र सर्व्हरच्या एक्स्पोर्टवर ‘इनसिक्युअर’ लावावं लागेल.

हा शब्द ऐकून सिक्युरिटीवाले दचकतात, त्यांना समजवा. एक्स्पोर्टमधल्या ‘सिक्युअर’चा अर्थ ‘विनंती १०२४ खालच्या पोर्टवरून आली पाहिजे’ एवढाच. एन्क्रिप्शनशी त्याचा काडीचाही संबंध नाही. कर्बरॉस असताना या अटीची गरजच उरत नाही.

माउंट होतं, छोट्या फोल्डरची यादी येते, पण हजार फाइलींचं फोल्डर उघडलं की सगळं गोठतं? मग एमटीयू, म्हणजे एका पाकिटाचा कमाल आकार. विशेषतः घरून व्हीपीएनवर काम करणाऱ्यांचं. इथरनेटचा एमटीयू १५००, वायरगार्डचा बहुधा १४२०. मध्ये कुणीतरी ‘पाकीट मोठं आहे’ हा निरोप अडवला की मोठी पाकिटं गुपचूप गायब होतात. ‘पिंग डॅश कॅपिटल एम डू डॅश एस १४७२’ आणि पुढे सर्व्हरचं नाव, अशी चाचणी घ्या. १४७२ मध्ये हेडरचे २८ मिळवले की १५००. हे जात नसेल तर आकडा कमी करत जा आणि जो जाईल त्याप्रमाणे इंटरफेसचा एमटीयू लावा. याच कारणाने कर्बरॉसही अडखळतो: अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीत बऱ्याच गटांत असलेल्या माणसाचं तिकीट जाडजूड असतं आणि यूडीपीवर त्याचे तुकडे हरवतात. कर्बरॉसच्या कॉन्फिगमध्ये ‘यूडीपी प्रेफरन्स लिमिट’ १ केलं की तो आधी टीसीपी धरतो.

आणि ‘सॉफ्ट’ माउंट? मुदत संपली की तो प्रोग्रॅमला चूक परत करतो, म्हणून ‘हँग होत नाही’ असं वाटतं. पण लिहिणं चालू असताना असं झालं तर फाइल अर्धवट राहते आणि कित्येक प्रोग्रॅम ती चूक तपासतही नाहीत. फक्त वाचायच्या डेटासाठी ठीक. होम फोल्डरला सॉफ्ट लावू नका.

पायरी ४: लीज, आणि एकाच साच्यातली जुळी मशिनं

लीजची तक्रार क्वचित येते, पण आली की डोकं खाते. एका लॅबमधला प्रकार सांगते. वीस मशिनं एकाच डिस्क-प्रतिमेवरून उठवलेली. विद्यार्थी म्हणायचे, “मॅडम, शेजारच्याने मशिन चालू केलं की माझी फाइल बंद होते.” आम्ही हसलो. पोरं बरोबर होती.

लिनक्स क्लायंट सर्व्हरला आपली ओळख सांगतो ती मशिनच्या नावावरून बनवलेली असते. दोन मशिनांचं नाव ‘लोकलहोस्ट’च राहिलं असेल आणि की-टॅबही एकाच साच्यातून आली असेल, तर सर्व्हरच्या लेखी ते एकच मशिन. दुसरं चालू झालं की सर्व्हरला वाटतं, पहिलं रीबूट होऊन परत आलंय. तो पहिल्याचा भाडेकरार रद्द करतो. पहिलं पुन्हा हजर होतं, दुसऱ्याचा रद्द. दिवसभर हाच खो-खो. की-टॅब वेगवेगळ्या असतील आणि नाव तेवढं सारखं असेल तर सर्व्हर दुसऱ्याला सरळ नाकारतो: ‘क्लायंट आयडी इन यूज’. हे पहिल्यापेक्षा बरं, निदान दिसतं तरी.

उपाय: प्रत्येक मशिनला ‘होस्टनेम-सीटीएल’ने स्वतःचं नाव, स्वतःची की-टॅब, आणि एनएफएस मॉड्यूलच्या ‘एनएफएस-फोर युनिक आयडी’ या पर्यायात वेगळा आकडा. कंटेनरमधून माउंट करणाऱ्यांनाही हे लागू.

लॅपटॉप झोपवला, तासाभराने उठवला, आणि कुलूप गेलं, ही तक्रार त्यामानाने साधी. ९० सेकंदांत नूतनीकरण झालं नाही की करार संपला. लिनक्स ५.१९ पासूनचा सर्व्हर जरा सौजन्याने वागतो: दुसऱ्या कुणी तीच फाइल मागितली नाही तर मुदत संपलेल्या क्लायंटची नोंद लगेच फेकत नाही.

पायरी ५: तिकीट

आता मुख्य पात्र. कर्बरॉस एमआयटीच्या अथीना प्रकल्पातून आला. १९८० च्या दशकात तिथल्या विद्यार्थ्यांनी लॅबमधल्या मशिनवर येऊन बसावं, काम करावं, उठून जावं, अशी कल्पना. कर्बरॉसच्याच जुन्या आवृत्ती ४ मध्ये तर तिकिटाची मुदत पाच-पाच मिनिटांच्या हिशेबात एका बाइटमध्ये लिहायचे, म्हणजे जास्तीत जास्त सव्वाएकवीस तास. सध्याच्या आवृत्ती ५ ला तो अडथळा नाही, पण मूळ गृहीतक तेच राहिलं: तिकीट त्याच्यासाठी, जो समोर बसलाय. रात्रभर चालणाऱ्या जॉबसाठी नव्हे. तुमचा दहाचा जॉब पहाटे मेला, कारण तिकीट तुम्ही संध्याकाळी सहाला लॉगिन करताना काढलं होतं.

‘के-लिस्ट’ चालवा. तीन गोष्टी बघा: तिकीट कुणाच्या नावाचं, कधी संपतंय, आणि ‘रिन्यू अंटिल’ अशी ओळ आहे की नाही. ही ओळच नसेल तर ते तिकीट वाढवता येत नाही. एमआयटीच्या मूळ मांडणीत तुम्ही मागितल्याशिवाय वाढवता येणारं तिकीट मिळत नाही. ‘के-इनिट डॅश आर ७-डी’ असं मागा, आणि पुढे ‘के-इनिट डॅश कॅपिटल आर’ने वाढवा. सर्व्हरचं धोरण परवानगी देईल तेवढंच मिळेल, हे ओघाने आलंच. रोजच्या लॉगिनसाठी एसएसएसडी (लिनक्सवर लॉगिन सांभाळणारी सेवा) वापरत असाल तर त्यालाच ठरावीक वेळाने नूतनीकरण करायला सांगता येतं, माणसाला लक्षात ठेवायची गरज नाही.

लांब जॉबसाठी ‘के-रिन्यू’ वापरा. तो जॉबला आपल्या पंखाखाली घेऊन चालवतो आणि तिकीट वेळोवेळी वाढवत राहतो. सात दिवसांच्या पलीकडचं काम असेल, किंवा क्रॉनमधून (ठरावीक वेळी आपोआप) चालणारं, ज्याच्यासमोर पासवर्ड टाकायला कुणी नाही, तर ‘के-फाइव्ह-स्टार्ट’ आणि त्या कामापुरत्या वेगळ्या खात्याची की-टॅब. स्वतःच्या खात्याची की-टॅब बनवून डिस्कवर ठेवू नका. ती म्हणजे तुमचा पासवर्डच आहे.

इथे चार सापळे आहेत, आणि नवखा माणूस चारही तुडवतो.

पहिला सापळा लॉगआउटचा. तुम्ही एसएसएचने, तिकीट सोबत घेऊन, सर्व्हरवर गेलात, ‘नोहप’ने (लॉगआउटनंतरही चालू राहील असा) जॉब लावलात आणि बाहेर पडलात. एसएसएच जाताजाता तुमच्या तिकिटाची फाइल पुसतो. त्याची मूळ सवय तशीच आहे. जॉब मात्र लगेच मरत नाही, कारण कर्नलकडे आधीचा सुरक्षा-संदर्भ अजून शिल्लक असतो. तो संपला की मग मरतो. म्हणून कारण आणि परिणाम यांत काही तासांचं अंतर पडतं आणि कुणालाच संगती लागत नाही. याच न्यायाने, ‘के-डिस्ट्रॉय’ केल्यावरही थोडा वेळ फाइली उघडत राहिल्या तर ते भूत नव्हे.

दुसरा, एसएसएचच्या किल्लीने लॉगिन. पासवर्ड दिला नाही, तर तिकीट कोण काढणार? होम फोल्डर कर्बरॉसवाल्या एनएफएसवर असेल तर आत शिरल्या शिरल्या ‘परमिशन डिनाइड’. त्यातही, परवानगीच्या किल्ल्यांची यादी त्याच होम फोल्डरमध्ये असेल तर लॉगिनच होणार नाही.

तिसरा, रूट, म्हणजे मशिनचा सर्वाधिकारी युजर. “सुडो लावून बघितलं, तरी जमेना.” जमणारच नाही. कर्बरॉसच्या एनएफएसवर रूटला तुमचं तिकीट मिळत नाही. तो मशिनच्या ओळखीने जातो, आणि सर्व्हर त्याला बहुधा ‘नोबडी’ समजतो. इथे रूटपेक्षा साधा युजर श्रीमंत.

चौथा घड्याळाचा, आणि तो अगदी शब्दशः. कर्बरॉस ५ मिनिटांपर्यंतचा फरक सहन करतो, त्यापुढे तिकीट नाकारतो. क्लायंट, फाइल सर्व्हर आणि तिकिटं देणारा सर्व्हर, तिन्हीकडे ‘क्रॉनी-सी ट्रॅकिंग’ चालवा. आभासी मशिन थांबवून पुन्हा सुरू केलं की त्याचं घड्याळ मागे पडलेलं असू शकतं. “मशिन रिझ्यूम केल्यावरच होतं” असं कानावर आलं तर आधी इथेच बघा.

पायरी ६: की-टॅब

युजरचं तिकीट ठीक, घड्याळ ठीक, तरी सगळ्यांचंच बंद? मग सर्व्हरच्या किल्लीत आणि तिकिटं देणाऱ्याकडच्या किल्लीत फरक पडलाय.

क्लायंटवर ‘के-व्ही-एन-ओ’ लिहून पुढे एनएफएस, तिरकी रेघ, सर्व्हरचं पूर्ण नाव टाका. उत्तरात किल्लीचा आवृत्ती-क्रमांक येतो. आता फाइल सर्व्हरवर ‘के-लिस्ट डॅश के-ई’ चालवा आणि त्याच नावाच्या ओळींतला क्रमांक बघा. एकीकडे ४ आणि दुसरीकडे ३ असेल तर शोध संपला.

असं का होतं? अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीत मशिनच्या खात्याचा पासवर्ड मुळात ३० दिवसांनी बदलतो. बदलणारं साधन की-टॅबमधली ‘होस्ट’ची नोंद ताजी करतं, पण तुम्ही हाताने जोडलेली ‘एनएफएस’ची नोंद जुनीच राहिली, तर महिन्यानंतरच्या त्या सकाळी सगळं कोसळतं. एमआयटीच्या बाजूला सापळा निराळा आहे: ‘के-अ‍ॅडमिन’मधली ‘के-टी-अ‍ॅड’ ही आज्ञा की-टॅबची प्रत काढते असं नावावरून वाटतं, पण ती दर वेळी नवी किल्ली घडवते आणि जुनी की-टॅब निकामी करते. बॅकअप म्हणून दुसरी प्रत काढायला गेलं आणि चालू सर्व्हर बंद पाडला, असं करून बसलेले बरेच आहेत. मीही त्यातलीच. प्रत हवी तर फाइल सरळ कॉपी करा.

किल्ली बदलायचीच असेल तर नवी नोंद जुनीच्या शेजारी घाला आणि जुनी तिकिटं संपेपर्यंत, म्हणजे दिवसभर तरी, जुनी काढू नका. नाहीतर ज्यांच्या खिशात जुनं तिकीट आहे ते सगळे अडकतील.

त्याच यादीत किल्लीचा प्रकारही दिसतो. तो ‘एईएस’ हवा. ‘आरसी-फोर’ किंवा ‘डीईएस’ दिसला तर जुनं सामान आहे. डीईएस एमआयटीने १.१८ मध्ये काढून टाकला, आरसी-फोर नव्या रेड हॅटवर मुळातच बंद असतो. ‘सर्व्हर अपग्रेड केल्यापासून’ असं वाक्य ऐकलं की हे आधी तपासा.

पायरी ७: नाव

कर्बरॉस आयपीला ओळखत नाही, नावाला ओळखतो. ज्या नावाने माउंट केलं, त्याच नावाची नोंद की-टॅबमध्ये हवी. टोपणनावाने किंवा थेट आयपीने माउंट केलं, तर कधी चालतं, कधी नाही. दोन डीएनएस सर्व्हर वेगळी उत्तरं देत असतील तर दिवसाआड तुटतं. सर्व्हरच्या नावावरून आयपी आणि आयपीवरून नाव, दोन्ही दिशांनी विचारा. ‘होस्ट्स’ फाइलीत त्याच आयपीपुढे आधी अपुरं नाव आणि मग पूर्ण नाव लिहिलेलं असेल तर क्रम उलटा करा. बस्स, या पायरीत एवढंच.

पायरी ८: तरीही सापडेना तेव्हा

क्लायंटवर ओळखीची सगळी देवाणघेवाण ‘आरपीसी डॉट जीएसएसडी’ हा डीमन, म्हणजे पडद्यामागे चालणारा प्रोग्रॅम, करतो. तो चालू आहे का? उबंटू, डेबियन, रेड हॅटवर त्याची सर्व्हिस की-टॅब जागेवर नसेल तर सुरूच होत नाही, आणि त्याबद्दल फारशी ओरडही करत नाही. तो बंद करून टर्मिनलवर समोर चालवा: ‘डॅश एफ’ आणि तीन वेळा ‘व्ही’. मग दुसऱ्या खिडकीतून फाइल उघडा. कुठली तिकिटाची फाइल त्याने शोधली, कुठल्या नावाने सर्व्हरकडे गेला, काय नाकारलं गेलं, हे सगळं ओळीने दिसतं. तुमचं ‘के-लिस्ट’ एका ठिकाणचं तिकीट दाखवतंय आणि डीमन दुसरीकडेच हुडकतोय, हे बऱ्याचदा इथेच उघड होतं. सर्व्हरकडे हेच काम ‘जीएसएस-प्रॉक्सी’ करतो, काही जुन्या मांडण्यांत ‘एस-व्ही-सी जीएसएसडी’. तो जुना डीमन जाडजूड तिकिटांपुढे हात टेकायचा, म्हणून शक्य असेल तर प्रॉक्सीवर या.

तारेवरचं पकडायचं तर ‘टीसीपी-डम्प’ने २०४९ आणि ८८ ही दोन पोर्टं नोंदवा. ‘सेक’ जर ‘केआरबी-फाइव्ह-पी’ असेल तर मजकूर एन्क्रिप्ट झालेला असतो, वाचता येणार नाही. पण जोडणी कुणी तोडली, क्लायंटने, सर्व्हरने की मधल्या कुणी, हे टीसीपीच्या हेडरमधून दिसतंच. आतलं वाचायचंच असेल तर चाचणीच्या मशिनवर ‘केआरबी-फाइव्ह-आय’ने माउंट करा, त्यात सही असते, पण मजकूर उघडा.

याहून सोपी फाळणीही करता येते. चाचणीसाठी एक वेगळा, बिनमहत्त्वाचा एक्स्पोर्ट साध्या, बिनकर्बरॉसच्या ‘सेक-सिस’ने उघडा आणि त्याच मशिनवरून दोन्ही माउंट करून ठेवा. दोन्ही एकदम तुटली तर तार. फक्त कर्बरॉसवालं तुटलं तर ओळख. अर्ध्या दिवसाचं काम वाचतं. फक्त चाचणी संपल्यावर तो एक्स्पोर्ट बंद करा. ‘तात्पुरता’ उघडलेला सेक-सिस तीन वर्षं चालू राहिलेला मी पाहिलाय.

फक्त ताण वाढल्यावर तुटत असेल आणि वरचं काहीच लागू होत नसेल, तर आणखी एक जागा. सुरक्षित विनंत्यांना क्रमांक असतात आणि सर्व्हर ठरावीक खिडकीतलेच क्रमांक स्वीकारतो. फार मागे पडलेली विनंती तो उत्तर न देता टाकतो, आणि आवृत्ती ४ मध्ये असं टाकायचं तर जोडणीच तोडावी लागते. एकाच क्लायंटवरून शेकडो विनंत्या समांतर जात असतील तर हे घडू शकतं. दोन्हीकडचं कर्नल नवं करा आणि ‘पी’ऐवजी ‘आय’ने ताण कमी होतो का ते बघा.

लिनक्सच्या ६.५ पासून कर्बरॉसशिवाय, नुसत्या टीएलएसने एनएफएसची तार झाकता येते. २०२२ मध्ये त्याचं मानक ठरलं. तिकिटांचा व्याप नको आणि फक्त एन्क्रिप्शन हवं असेल तर तो रस्ता बघण्यासारखा आहे. पण तिथे माणसाची ओळख पुन्हा क्लायंटच्या शब्दावरच राहते.

मदत मागायची वेळ आली तर एका मेलमध्ये एवढं पाठवा: तुटल्याच्या तीन-चार वेळा, एररचा संदेश जसाच्या तसा, ‘एनएफएस-स्टॅट डॅश एम’, युजरचं ‘के-लिस्ट’, दोन्हीकडचे किल्लीचे क्रमांक, तिन्ही मशिनांचं ‘क्रॉनी-सी ट्रॅकिंग’, आणि दोन्हीकडची कर्नल आवृत्ती. की-टॅबची फाइल मात्र जोडू नका, कुणी कितीही प्रेमाने मागितली तरी.